उशिरा वटलेली हुंडी

युद्धविरोधी गीत म्हटले की १९६० च्या दशकातील अमेरिका, व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे मोर्चे आणि पीट सीगर वा जोन बाएझ यांची गाणी आठवतात. त्याच काळात इंग्लंडमधील पाच तरुणांनी ध्वनिमुद्रित केलेले एक गीत मात्र बाजाराच्या गर्दीत हरवले. संचाचे नाव ‘द झॉम्बीज’ आणि गीताचे ‘बुचर्स टेल’, म्हणजे खाटकाची कहाणी.

हा संच लंडनच्या उत्तरेकडील सेंट अल्बन्स या गावचा. १९६४ मध्ये त्यांचे ‘शीज नॉट देअर’ हे गाणे इंग्लंड-अमेरिकेत गाजले. पुढे यश आटत गेले. १९६७ मध्ये सीबीएस कंपनीने ‘ओडेसी अँड ओरॅकल’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना १,००० पौंड दिले. काम संपता संपता रक्कमही संपली आणि कंपनीने स्टिरिओ आवृत्तीही मागितली. तेव्हा रॉड अर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी २०० पौंड स्वतःच्या खिशातून भरले. गीतलेखनाच्या स्वामित्वधनामुळे त्या दोघांना ते शक्य होते. उरलेल्या तिघांची भिस्त कार्यक्रमांच्या मिळकतीवर होती आणि ती आटली होती. परिणामी डिसेंबर १९६७ मध्ये संच फुटला. एप्रिल १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका बाजारात आली, तेव्हा तिच्यासाठी दौरे करायला संचच उरला नव्हता.

तिच्यातील ‘बुचर्स टेल’ हे गीत व्हाइट यांनी लिहिले आणि स्वतःच गायले. निवेदक आहे पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर गेलेला एक खाटीक. साथीला आपल्या संगीत नाटकांतून परिचित असलेल्या पायपेटीच्या जातीचे वाद्य आहे. गीतात घोषणा नाही, शत्रूची निंदा नाही. ज्याचे हात रोजच्या धंद्यात रक्ताला सरावले, तोच येथे भयाने थरथरतो आणि घरी परतू इच्छितो. युद्धाचा उपदेश करणारे धर्मपीठावर सुरक्षित असतात आणि तोफांचा आवाज ऐकतो तो सामान्य माणूस, एवढेच ते शांतपणे सांगते.

अमेरिकेत ही ध्वनिमुद्रिका निघाली ती संगीतकार अल कूपर यांच्या आग्रहाने. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असल्याने हे गीत खपेल, या हिशेबाने कंपनीने ते १९६८ मध्ये स्वतंत्र तबकडीवर काढले. हिशेब चुकला, ते चालले नाही. १९६९ मध्ये मात्र त्याच संग्रहातील ‘टाइम ऑफ द सीझन’ हे प्रेमगीत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्या सुमारास मुख्य गायक कॉलिन ब्लनस्टोन लंडनमध्ये विमा कचेरीत नोकरी करीत होते!

मागणी निर्माण होताच नकली मालही आला. अमेरिकेत ‘झॉम्बीज’ या नावाने तोतये संच फिरू लागले. त्यांपैकी एकात पुढे ‘झीझी टॉप’ या संचात नावारूपास आलेले दोन वादक होते. खऱ्या कलावंतांनी मात्र पुन्हा एकत्र येण्याची प्रलोभने नाकारली. अर्जंट आणि व्हाइट नव्या कामाला लागले होते.

ध्वनिमुद्रिकेची कीर्ती हळूहळू वाढत गेली. २००४ मध्ये गिटारवादक पॉल अ‍ॅटकिन्सन निवर्तले. २००८ मध्ये उरलेल्या चौघांनी लंडनमध्ये ती प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर सादर केली. २०१९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळाले. ‘बुचर्स टेल’ला लोकप्रियता अशी लाभलीच नाही, पण ज्या युद्धाचा प्रसंग साधून ते विकायला काढले, ते संपल्यावरही त्यातील खाटकाचा थरथरता स्वर जाणकार ऐकत राहिले.

पहिल्या वर्षीच्या ताळेबंदात ही ध्वनिमुद्रिका तोट्याची होती. पण काही हुंड्यांची मुदत लांब असते. ग्राहक दिसत नसतानाही दोघांनी पदरचे २०० पौंड घालून काम अपुरे सोडले नाही, म्हणून ती अखेर वटली.