एका वकिलीची चौदा वर्षे

रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव आज घेतले जाते ते सत्तावन्नच्या उठावाचे साताऱ्यातील सूत्रधार म्हणून. ते खोटे नाही. परंतु त्यायोगे या पुरुषाच्या आयुष्याचा मोठा भाग झाकला जातो. रंगो बापूजी मुळात बंडखोर नव्हतेच. एका पदच्युत राजाचे ते वकील होते आणि कज्जा न्यायाने जिंकता येईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

१८१९ च्या तहान्वये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. वीस वर्षांनी, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, कंपनीचे शिपाई फितविले, असे आरोप ठेवून त्यांनीच महाराजांना गादीवरून दूर केले. दोष कबूल करा, गादी राहील, असा मुंबईचे गव्हर्नर कार्नॅक यांचा आग्रह होता. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये गादी गेली आणि पुढे काशीचा बंदिवास नशिबी आला.

त्याच सुमारास स्पेनमध्ये डॉन कार्लोस या राजपदाच्या दावेदाराचा पक्ष दीर्घ यादवीनंतर मोडत होता. तेथील राजनिष्ठांच्या हाती बंदुका होत्या. रंगो बापूजींच्या हाती अर्ज!

हे अर्ज घेऊन ते लंडनला गेले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सभासद, छापील पत्रके, यांपैकी एकही दार त्यांनी ठोठावल्यावाचून ठेवले नाही. साताऱ्याचे पूर्वीचे रेसिडेंट ब्रिग्ज, पार्लमेंटमधील जोसेफ ह्यूम, गुलामगिरीविरुद्ध बोलणारे जॉर्ज थॉम्प्सन, असे इंग्रजच त्यांच्या बाजूने उभे राहिले. इंग्रजांच्या राजधानीत इंग्रज लोकमत जागविण्याची ही रीत दादाभाईंनी पुढे कितीतरी व्यापक केली. ते १८५५ मध्ये लंडनला पोहोचले, तेव्हा रंगो बापूजींनी ते शहर नुकतेच सोडले होते. अर्थात त्यांची मागणी एका घराण्यापुरती होती. रयतेच्या हक्कांची भाषा पुढील पिढीची, हे मान्य केलेच पाहिजे.

१८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले. पुढील वर्षी त्यांचे बंधू शहाजी यांच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्यच खालसा केले. अशील गेला, गादीही गेली. तरीही दत्तकाच्या हक्कासाठी हा वकील आणखी पाच वर्षे लंडनमध्ये तग धरून राहिला. अखेर १८५३ मध्ये तो परतला, आणि तेही ज्या कंपनीशी भांडला तिनेच दिलेल्या प्रवासखर्चावर.

सत्तावन्न साली साताऱ्यातील कट फुटला. सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम होते. स्वतः रंगो बापूजींना पकडण्यासाठी सरकारने बक्षीस लावले. ते अखेरपर्यंत सापडले नाहीत.