पेटीतली चांदी, खरी किती?

चाकण, तळेगाव परिसरात कारखान्यांपाठोपाठ नवी घरे उभी राहिली आणि जुने वाडे रिकामे होऊ लागले. अशा वेळी माळ्यावरच्या पेटीत आजेसासूबाईंचे तोडे, वाळे सापडतात. लगेच वाटणीचा प्रश्न येतो. म्हणून पारख आधी हवी.

काळेपणा हा दोष नव्हे. हवेतील गंधकाच्या संयुगांनी अस्सल चांदीही काळवंडते. लोहचुंबकावर विसंबू नये. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी अजिबात नसते. तरी ते सहसा चुंबकाला चिकटत नाही. त्याहून भरवशाचे वजन. दागिना दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवावा आणि मूळ वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागावे. चांदीचे उत्तर दहाच्या वर येते, जर्मन सिल्व्हरचे पावणेनऊच्या आसपास. पोकळ वाळ्यांना व लाख भरलेल्या तोड्यांना मात्र हा हिशेब लागू नाही.

९२५ हा आकडा म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. जुन्या गावठी दागिन्यांवर तो बहुधा नसतोच. ॲसिडचा प्रयोग घरी करू नये, ते काम सराफाच्या कसोटीचे. हॉलमार्किंग केंद्रातील एक्स-रे यंत्र दागिना न मोडता कस सांगते, परंतु केवळ पृष्ठभागाचा. जाड मुलामा त्यालाही चकवतो. दागिना गाळून काढलेला कस सर्वांत खात्रीचा, पण मग तोडा उरत नाही. तो निर्णय वाटणीला बसलेल्या सर्वांच्या संमतीनेच व्हावा.