खुकरीवरची पोरं

सौंसर पट्ट्यातलं पाणी कन्हानला जातं, कन्हान वैनगंगेला मिळते आणि पुढे गोदावरीवाटे सारं बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्राशी आमच्या रामाकोना गावाचं पाण्याचंसुद्धा नातं नाही. म्हणूनच असेल, १९७१ चं युद्ध आठवताना आमच्याकडे बोलणं लोंगेवाला आणि ढाक्यावर येऊन थांबतं. समुद्रात गेलेल्यांचा विषय निघतच नाही.

त्या डिसेंबरात ४ तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस आज नौदल दिन म्हणून साजरा होतो. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. ही फ्रिगेट ‘कृपाण’ या दुसऱ्या फ्रिगेटबरोबर ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात निघाली होती. पाणबुडी फ्रेंच बनावटीची, नवी. आपल्या फ्रिगेटांचा पाणबुडी हुडकणारा सोनार जुना, कमी पल्ल्याचा. तो पल्ला वाढवण्यासाठी खुकरीवर एक उपकरण चाचणीला बसवलं होतं. त्यासाठी नौका संथ चालवावी लागे, आणि पाणबुडीच्या टापूत संथ चालणं म्हणजे जिवाशी गाठ. ते उपकरण घडवणारा तरुण अधिकारी नौकेवरच होता. तिच्याबरोबरच तोही गेला.

‘हंगोर’चा पहिला पाणतीर हुकला, पुढचा खुकरीला लागला. दिवे गेले, नौका कलंडली. खालच्या मजल्यांवरच्या पोरांना अरुंद शिड्या आणि चिंचोळ्या दारांतून अंधारात वर यायचं होतं, आणि हाताशी होती जेमतेम दोन-चार मिनिटं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जितक्यांना ढकलता आलं तितक्यांना समुद्रात ढकललं आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. रात्रभर पाण्यात तग धरलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेली ही पहिली युद्धनौका.

मुल्लांचं मोठेपण वादातीत आहे. पण या कहाणीत कॅप्टनला चेहरा आहे आणि त्या १७६ जणांच्या वाट्याला नुसता आकडा, हे मला सलतं. त्यांतले कितीतरी जण विशी-पंचविशीतले. लढाईत पडलेल्या शिपायाची निदान चिता तरी पेटते. इथे घरी आली ती तार. देह सापडत नाही तेव्हा आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आमच्या भागात पळसाला तोटा नाही, पण ज्या आईनं पोराला धडधाकट पाहून निरोप दिला, तिनं पानांच्या त्या पुतळ्याला आपलं लेकरू कसं म्हणावं? अशा घरांत मरणावर विश्वास बसायलाच वर्षं जातात. कुणीतरी मासेमारी बोटीनं वाचवलं असेल, कुठल्या तुरुंगात असेल, ही आशा सहजी सुटत नाही.

दीवला १९९९ मध्ये खुकरीचं स्मारक झालं. माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ १९८९ ला नौदलात आली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि २०२२ मध्ये तीही दीवच्या हवाली करण्यात आली. दीव आमच्यापासून फार लांब. पण ४ डिसेंबरला शाळेत नौदल दिन सांगितला जातो, तिथंच ९ तारखेलाही तास व्हावा. त्यात मुल्लांचं नाव झालं की खालच्या मजल्यांवरून शिड्या चढत आलेल्या पोरांबद्दलही बोलावं. ऐकणाऱ्यांतली बरीच त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान असतील.