पुण्यात सायकलने कामावर

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई. या लौकिकात पुणेकरांच्या हौसेपेक्षा शहराच्या आकाराचा वाटा मोठा होता. शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंत तीन किलोमीटरही भरत नाहीत. पेठा, लष्कर (कॅम्प), डेक्कन जिमखाना आणि शिवाजीनगर हे सगळे मिळून पाच-सहा किलोमीटरच्या घेरात मावत होते आणि नदीकाठची ही जमीन बरीचशी सपाट होती. ही अंतरे रोज पायी तुडवायला लांब आणि त्यासाठी बसची वाट पाहत उभे राहावे तर जवळ, अशी होती. सायकलीला ती नेमकी सोयीची पडत.

कारखाने थोडे लांब होते, पण तेही आटोक्यात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पुढे १९४६ मध्ये खडकीलाच किर्लोस्कर ऑइल एंजिन्स आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी आली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी भरून जाई. कॅरिअरला जेवणाचा डबा आणि पँटच्या पायाला क्लिप, हा कामगाराचा ठरलेला थाट. सायकलीला दरवर्षी पालिकेचा बिल्ला घ्यावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवत. ज्याच्याकडे स्वतःची सायकल नसे, त्याला ती तासाच्या भाड्याने मिळे. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात त्या काळातल्या सायकली, दिवे आणि पंप आजही पाहायला मिळतात.

सायकलीची जागा घेणारी वाहने याच परिसरात तयार झाली. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या आणि १९७२ मध्ये पुण्याच्याच कायनेटिकने लूना बाजारात आणली. लूनाला पायडल होते, पण ते गाडी सुरू करण्यापुरतेच मारावे लागे. सायकलवाल्यासाठी ही पहिली परवडणारी बढती ठरली. त्याच सुमारास शहर पसरू लागले. २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आल्यावर पुणे महापालिकेचे क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले. घर धायरीला आणि नोकरी हिंजवडीला, असे संसार उभे राहिले. २०१८ मध्ये तर शहरात नोंदलेल्या वाहनांचा आकडा अंदाजित लोकसंख्येच्या पुढे गेला.

अंतर, चढ आणि घाम

शहरातल्या रस्त्यावर साधी सायकल ताशी बारा ते पंधरा किलोमीटरच्या वेगाने चालते. पाच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. दुचाकी यापेक्षा वेगाने धावते, पण सिग्नलला अडकण्यात आणि पार्किंग शोधण्यात तिचा वेळ जातो. त्यामुळे पाच-सहा किलोमीटरच्या आत दोघींमध्ये फारतर काही मिनिटांचा फरक राहतो. दहाच्या पुढे तो वाढत जातो आणि पंधरा किलोमीटर रोज जाऊन-येऊन सायकल चालवणे हे अंगात सराव असणाऱ्याचेच काम होते.

सपाट रस्त्यावर लागणारे श्रम मात्र वाटतात त्यापेक्षा खूप कमी असतात. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाला सुमारे पन्नास वॅट शक्ती लागते, म्हणजे एका जुन्या घरगुती पंख्याइतकीसुद्धा नाही. शंभर मीटरला तीन मीटर इतका साधा चढ आला की त्याच वेगासाठी जवळजवळ तिप्पट शक्ती लागते. म्हणून अनुभवी माणूस चढावर वेगाचा हट्ट धरत नाही. तो ताशी आठ-नऊवर येतो आणि दम न लागता वर पोहोचतो. नदीच्या बाजूने जाणारा सिंहगड रस्ता, पेठांतले रस्ते आणि लष्करचा भाग सायकलीला सोपे आहेत. चांदणी चौक, बावधन, पाषाण-सूसची बाजू आणि कात्रज इथे गिअर नसलेली सायकल हातात धरून चालणारी माणसे दिसतात. उड्डाणपूल हाही एक चढच असतो. इंजिनाला तो जाणवत नाही, पायांना जाणवतो. म्हणून बरेच सायकलवाले पुलाखालचा चौक पत्करतात.

घाम हा कामावर जाणाऱ्यांचा मुख्य प्रश्न. शरीर खर्च करते त्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्याची उष्णता होते. सायकल चालू असते तोवर अंगावरून वाहणारा वारा ही उष्णता नेतो. सायकल थांबली की वारा पडतो, आणि म्हणूनच खरा घाम कचेरीच्या दारात फुटतो. यावरचा जुना उपाय सोपा आहे: शेवटचा अर्धा किलोमीटर सावकाश चालवायचा, पोहोचल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली बसायचे आणि मगच कामाला लागायचे. पाठीवर बॅग असेल तर शर्ट पाठीला चिकटतो. तीच बॅग कॅरिअरला बांधली तर पाठ कोरडी राहते. काहीजण कामाचा शर्ट घडी करून सोबत नेतात आणि पोहोचल्यावर बदलतात.

रस्त्याची डावी कड

सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची डावी कड येते आणि रस्त्याचा सगळ्यात खराब भाग नेमका तोच असतो. वाहनांच्या चाकांनी उडवलेली खडी, माती, पालापाचोळा आणि फुटक्या काचा कडेला साचतात. पावसाळी गटारांची झाकणे आणि जाळ्याही तिथेच असतात. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर सायकलचे चाक त्यात अडकू शकते. काँक्रीटचा रस्ता आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये राहिलेली लांबलचक खाचही तशीच घातक. ती तिरकी ओलांडायला गेले की पुढचे चाक खाचेत जाते आणि हँडल वळत नाही. अशी खाच शक्य तितकी काटकोनात ओलांडावी लागते.

दुसरा धोका उभ्या गाड्यांचा. गाडीचा दरवाजा अचानक उघडला तर ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवून चालवणे सुरक्षित असते. मागची वाहने त्यासाठी हॉर्न वाजवतात, तरी अगदी कडेला चिकटण्यापेक्षा हे बरे. पीएमपीची शहर बस थांब्याकडे डावीकडे घुसते तेव्हा तिच्या आणि पदपथाच्या मध्ये शिरायचे नाही, तिच्या मागे थांबायचे, हा सरावाने अंगी येणारा नियम. रिक्षा प्रवाशाच्या एका हाताच्या इशाऱ्यावर थांबते, म्हणून तिच्या मागेही अंतर ठेवावे लागते.

मोठ्या चौकात उजवीकडे वळणे सगळ्यात अवघड. वेगाने येणाऱ्या दोन-तीन रांगा ओलांडून मध्यभागी जाण्यापेक्षा अनेकजण दोन टप्प्यांत वळतात. आधी सरळ जाऊन पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे, तिथे सायकल वळवायची आणि तिकडचा सिग्नल सुटला की निघायचे. यात मिनिटभर जाते, पण जीव टांगणीला लागत नाही. घंटी पायी चालणाऱ्याला ऐकू येते, काच लावलेल्या गाडीतल्या चालकाला नाही. तिथे हात दाखवणे, मागे वळून पाहणे आणि चालकाची नजर आपल्यावर पडली आहे याची खात्री करणे हेच उपयोगी पडते.

रात्रीच्या दिव्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. जुना डायनॅमो टायरला घासून वीज तयार करी. त्याने सायकल जड होई, वेग कमी झाला की दिवा मंदावे आणि सिग्नलला थांबले की विझे. आता बॅटरीवरचे छोटे एलईडी दिवे सहज मिळतात. पुढच्या पांढऱ्या दिव्याने रस्ता दिसतो, मागच्या लाल दिव्याने सायकलवाला दिसतो. अंधारात दुसरा जास्त महत्त्वाचा.

तिन्ही ऋतू

पुण्याचा हिवाळा सायकलीला सगळ्यात अनुकूल. सकाळचा गारवा अंग तापवायला लावतो आणि घाम येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा अडतीस-चाळीसच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी लवकर निघणे आणि ऊन उतरल्यावर परतणे हाच मार्ग. दुपारच्या पाळीवर जाणाऱ्यांना ही सोय नसते. ते डोक्याला रुमाल गुंडाळतात आणि पाण्याची बाटली जवळ ठेवतात. चेहऱ्याला ओढणी किंवा स्कार्फ बांधण्याची पुण्यातल्या मुलींची पद्धत ऊन आणि धूळ दोन्हींसाठी आहे.

पावसाळ्यात अंगावरच्या पाण्यापेक्षा ब्रेकची काळजी जास्त असते. साध्या सायकलीत रबरी ब्रेक-शू लोखंडी रिमवर घासतात. रिम ओली असली की सुरुवातीचे एक-दोन फेरे रबर नुसते पाणी पुसत राहते आणि सायकल थांबत नाही. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक आधीपासून हलके दाबत यावे लागते. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली झाली की निसरडी होतात. तिथे वळू नये आणि ब्रेकही दाबू नये. डबक्याखाली खड्डा असेल असे धरूनच चालावे. रेनकोटच्या आत घामानेही भिजायला होते, म्हणून काहीजण समोरून हँडलवर पसरणारा सैल पोंचो पसंत करतात. मडगार्ड नसलेल्या सायकलीचे मागचे चाक पाठीवर चिखलाची उभी रेघ ओढते. दिसायला झोकदार असलेल्या अनेक नव्या सायकलींना मडगार्ड नसते, ही खरेदीच्या वेळी लक्षात न येणारी उणीव पहिल्या पावसात कळते.

सायकल आणि मिस्त्री

रोजच्या कामाची काळी सायकल वीस-बावीस किलोची असते. अठ्ठावीस इंची चाके, चेनकव्हर, कॅरिअर, दोन पायांचा भक्कम स्टँड आणि सळईचे ब्रेक, असा तिचा ठरलेला ऐवज. ती जड असते, पण पन्नास किलोचे पोतेही वाहते आणि कोणत्याही गल्लीतला मिस्त्री तिची दुरुस्ती करू शकतो. गिअरची सायकल हलकी आणि चढाला सोपी. तिची देखभाल मात्र नाजूक.

पंक्चर काढण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे. टायर एका बाजूने उकलून ट्यूब बाहेर काढतात, हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवतात आणि बुडबुडे येतील तिथे खूण करतात. मग जागा घासून, सोल्युशन लावून, वाळू देऊन पॅच दाबतात. ट्यूब परत बसवण्याआधी मिस्त्री टायरच्या आतून बोट फिरवतो, कारण काटा तिथेच राहिला असेल तर चौकात पोहोचेपर्यंत दुसरे पंक्चर होते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सायकल ‘ओव्हरऑइल’ करतात. म्हणजे ती पूर्ण उघडून छर्रे धुतात, नवे ग्रीस भरतात, चाकाचा आउट काढतात आणि झिजलेले ब्रेक-शू बदलतात. घरी करायच्या गोष्टी दोनच: आठवड्याला हवा तपासणे आणि चेनला थोडे तेल देणे. हवा कमी असली की टायर रस्त्याला जास्त चिकटतो आणि पाय विनाकारण दुखतात. अशा वेळी दोष वयाला दिला जातो.

कोण चालवतो

रविवारी सकाळी हेल्मेट आणि घट्ट कपडे घालून सिंहगडाकडे निघणारे सायकलस्वार चटकन नजरेत भरतात. कामासाठी सायकल चालवणारे वेगळे. सोसायटीचे रखवालदार, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारे, हॉटेलातले वाढपी आणि लहान कारखान्यांतले कामगार यांची सायकल पहाटे किंवा रात्री उशिरा रस्त्यावर असते, म्हणून ती फारशी दिसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेती आणि घरगुती उद्योगांखेरीज इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के लोक सायकलने कामावर जात होते आणि दुचाकीने जाणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ तितकेच होते. मुंबईत जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या डबेवाल्यांचे कामही लोकल आणि सायकल या दोहोंवर चालते. या सगळ्यांसाठी सायकल हा पेट्रोलचा खर्च वाचवून घरखर्चाला हातभार लावणारा हिशेब आहे. कचेरीत काम करणाऱ्यांनाही एक फायदा मिळतो: प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि रोज पाच किलोमीटर जाऊन-येऊन पाच दिवसांत ही मिनिटे पुरी होऊन वर उरतात.

मार्ग आणि जागा

पुण्यात २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा त्या रस्त्याकडेने सायकलमार्गही आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे आठशे किलोमीटरच्या जाळ्याची कल्पना होती. त्याच महिन्यात विद्यापीठ आणि औंध परिसरात मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पाठोपाठ आणखी कंपन्या उतरल्या, पण काही वर्षांतच त्यातल्या बहुतेक सायकली रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. सायकलमार्गांची अडचण त्यांच्या सलगपणात आहे. मार्गावर कुठे दुचाकी उभ्या असतात, कुठे विजेची पेटी, कुठे हातगाडी. आणि जिथे संरक्षणाची गरज सगळ्यात जास्त, त्या चौकापाशी तो संपतो. सायकलवाला मग मुख्य रस्त्यावर उतरतो आणि पुढे तिथेच राहतो.

मुक्कामाच्या ठिकाणी जागा मिळणे हेही तितकेच महत्त्वाचे. हलक्या सायकलीची चोरी सोपी असते, म्हणून नुसते चाकाचे कुलूप पुरत नाही. चौकट आणि चाक दोन्ही खांबाला साखळीने अडकवावी लागतात. ज्या कचेरीत छपराखाली सायकल लावायला जागा आणि कपडे बदलायला एक खोली आहे, तिथे सायकलने येणाऱ्यांची अडचण निम्मी होते.

वाढलेल्या अंतरावर दोन उपाय पुढे आले आहेत. पहिला विजेवर चालणाऱ्या सायकलीचा. अडीचशे वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या सायकलीला नोंदणी लागत नाही, आणि चांदणी चौकाचा चढ ती सहज पेलते. दुसरा उपाय मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचा. पुणे मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते. त्यामुळे मधला लांबचा टप्पा मेट्रोने आणि दोन्ही टोकांचे दोन-तीन किलोमीटर सायकलने, अशी विभागणी करता येते. जुन्या पुण्यात पेठेतून लष्करात जाणारा माणूस जेवढी सायकल चालवत होता, साधारण तेवढीच ती होते.