नायक गेला, मालिका राहिली

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवरच्या ‘टू अँड अ हाफ मेन’ या विनोदी मालिकेचा नायक चार्ली शीन याचा करार वॉर्नर ब्रदर्सने ७ मार्च २०११ रोजी संपवला. व्यसनमुक्तीच्या उपचारांमुळे चित्रीकरण जानेवारीतच थांबले होते. फेब्रुवारीत त्याने निर्माता चक लोरीवर जाहीर आगपाखड केली आणि हंगामाचे उरलेले भाग रद्द झाले. स्टुडिओच्या वकिलांनी त्याच्या ढासळलेल्या वर्तनावर बोट ठेवले, त्याला कामास असमर्थ ठरवले. भागामागे सुमारे १८ लाख डॉलर घेणाऱ्या शीनने उलट १० कोटींचा दावा ठोकला. सप्टेंबरात तडजोड झाली. त्याच महिन्यात नव्या हंगामाची सुरुवात झाली ती, खोचकपणे, त्याच्या पात्राच्या अंत्यविधीने. अॅश्टन कुचरला घेऊन मालिका २०१५पर्यंत चालली.