सॉग्रासचे सतरावे

फ्लॉरिडा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, जॅक्सनव्हिल शहराच्या दक्षिणेस, एका अंगाला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या अंगाला किनाऱ्याशी समांतर जाणारा नौकांचा अंतर्गत जलमार्ग अशा दोन पाण्यांच्या मध्ये पोन्टे व्हेड्रा बीच नावाची वसाहत आहे. आणि तेथील ४१५ एकर दलदलीचे खरेदीखत अवघ्या १ डॉलरच्या मोबदल्यात झाले, ही हकिकत ज्या दिवशी प्रथम वाचनात आली, त्या दिवसापासून ते ठिकाण माझ्या मनातून हललेले नाही.

विकत घेणारे गृहस्थ डीन बीमन. स्वतः नामांकित गोल्फपटू असलेले बीमन १९७४ साली पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संस्थेचे आयुक्त झाले, आणि संस्थेला स्वतःच्या मालकीचे, हजारो प्रेक्षकांना बसल्या जागेवरून खेळ दिसेल असे मैदान असावे, हा ध्यास त्यांनी घेतला. जमीनमालक बंधूंची आजूबाजूलाही पुष्कळ जमीन होती. येथे नावाजलेले मैदान झाले की उरलेल्या जमिनीला भाव येईल, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो पुढे खरा ठरला. त्यांनी जे जवळजवळ फुकट दिले, त्यात त्या वेळी पाणी, झाडोरा, विषारी साप आणि ॲलिगेटर यांखेरीज फारसे काही नव्हते.

मैदानाला सॉग्रास हे नाव मिळाले ते तेथल्या दलदलीत माजणाऱ्या वनस्पतीवरून. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली ती वनस्पती आहे, आणि पात्याच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असल्यामुळे तिला तसे नाव पडले. पहिल्या भेटीत मी मैदानाच्या कडेला वाकून एक पाते बोटांत धरले. वरून खालपर्यंत बोट नेण्याची मात्र छाती झाली नाही. जेथे असे पाते उगवते तेथली भूमी म्हणजे शतकानुशतके कुजलेल्या पालापाचोळ्याचा काळा, मऊ, पाणी धरून ठेवणारा गाळ होय. आणि त्या गाळावर हिरवळ रुजवून तीवरून माणसांना चालवावयाचे, हे काम बीमन यांनी पीट डाय या मैदानरचनाकारावर सोपविले.

जमीन सपाट आणि ओली. खेळाडूंना कोरडी वाट पाहिजे, प्रेक्षकांना उंचवटा पाहिजे, आणि दोन्ही गोष्टी तेथे निसर्गाने दिलेल्या नव्हत्या. डाय यांनी उपाय केला तो एकच : खणणे. जेथून माती काढली तेथे तळे झाले, जेथे टाकली तेथे टेकाड झाले; आज ज्या गवताळ उतारांवर बसून लोक सामने पाहतात, ते उतार आणि ज्या तळ्यांत खेळाडूंचे चेंडू बुडतात, ती तळी एकाच मातीच्या जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत. कोकणातल्या खाजणात बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही, आणि माझे बालपण तशा बांधांवर गेल्यामुळेच की काय, या मैदानातील सौंदर्यापेक्षा त्यातला हा हिशेब मला अधिक मोहवितो. रान हटविण्यासाठी डाय यांनी शेळ्यादेखील पाळल्या होत्या.

गोल्फचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात उरकतो. खेळ स्कॉटलंडचा, त्याचे घर समुद्रकाठची वालुकामय, पाणी झिरपून जाणारी कुरणे. ब्रिटिश बेटांबाहेर सर्वांत जुना क्लब १८२९ साली कलकत्त्यात स्थापन झाला. डाय पतिपत्नींनी १९६३ साली स्कॉटलंडची मैदाने पायांखाली घातली आणि तेथे पाहिलेल्या, रेल्वेच्या स्लीपरांनी बांधून काढलेल्या कडा ते अमेरिकेत घेऊन आले.

आता सतराव्या होलाकडे, म्हणजे मैदानाच्या सतराव्या टप्प्याकडे, वळतो, कारण खरे सांगावयाचे तर त्याच्याचसाठी हा सारा लेख आहे. मूळ आराखड्यात हे एक साधे, तीन फटक्यांचे, एका बाजूस लहानसे तळे असलेले होल होते. परंतु गाळावर पसरण्यासाठी डाय यांना वाळू हवी होती, आणि त्या सबंध जागेत उत्तम वाळू सापडली ती नेमकी सतराव्या ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, भोवती. आज थोडी, उद्या थोडी अशी ती उपसत गेली, आणि शेवटी ग्रीनसाठी राखलेल्या तुकड्याच्या चोहोंकडे एक विस्तीर्ण खड्डा तेवढा उरला. आता येथे करावयाचे काय, या पेचातून वाट दाखविली ती पीट यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी. खड्डा पाण्याने भरून टाका आणि ग्रीनचे बेट करा, अशी त्यांची सूचना होती. ॲलिसबाई स्वतः उत्तम खेळाडू, स्वतः रचनाकार, आणि पुढे अमेरिकेतील गोल्फ-रचनाकारांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. तरीही लोकांच्या तोंडी पीट यांचेच नाव अधिक राहिले, याची मला मनापासून खंत वाटते. बेटावरचे ग्रीन ही कल्पना अगदी अपूर्व होती असे नाही. जवळच्याच पोन्टे व्हेड्रा इनच्या मैदानावर तसे एक ग्रीन कित्येक दशके आधीपासून होते. मात्र सॉग्रासचे ग्रीन वाळूच्या गरजेतून जन्मास आले, आणि तेच मला विलक्षण वाटते. काटेकोरपणे बोलावयाचे तर ते बेटही नव्हे, कारण एक अरुंद पायवाट त्याला काठाशी जोडते.

मैदान १९८० साली खुले झाले आणि १९८२पासून तेथे प्लेअर्स चॅम्पियनशिप भरू लागली. त्या पहिल्याच वर्षी विजेत्या जेरी पेट यांनी अठराव्या होलाच्या तळ्यात बीमन आणि डाय या दोघांना ढकलून मागोमाग स्वतः उडी घेतली. सतराव्याचे अंतर स्पर्धेत सुमारे १३७ यार्ड, म्हणजे कसलेल्या खेळाडूच्या हातचा मळ. परंतु चेंडू टाकावयास दुसरी जागा नाही, वारा झाडांतून गिरक्या घेत येतो, आणि चुकीला क्षमा नाही. २००५ साली बॉब ट्वे यांना येथे १२ फटके लागले. उलट १९९९ साली फ्रेड कपल्स यांचा पहिला चेंडू पाण्यात गेला आणि दुसरा थेट भोकात पडला. १९९८च्या स्पर्धेत एका खेळाडूचा चेंडू ग्रीनवर सुखरूप टेकला असता एका समुद्रपक्ष्याने तो चोचीत उचलून पाण्यात टाकला. नियमानुसार त्याला दंडावाचून चेंडू पुन्हा जागेवर ठेवता आला. आणि २०२२ साली पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी याच मैदानावर कॅमेरॉन स्मिथच्या मागे केवळ एका फटक्याने दुसरा आला. त्या रात्री माझ्या घरातला एकही माणूस झोपला नव्हता.

दलदल ही निरुपयोगी जमीन, अशी जी समजूत त्या १ डॉलरच्या व्यवहारामागे होती, ती मला मान्य नाही. पुराचे पाणी पोटात घेणे, ते गाळून सोडणे, पाखरांना थारा देणे ही तिची कामे दुसरे कोणी करू शकत नाही. पाणथळीत भराव घालण्यास परवाना लागावा, असा कायदा अमेरिकेत १९७२पासून आहे, आणि एकंदर पाणथळ क्षेत्र घटू नये हे धोरण १९८९ साली तेथे जाहीर झाले. आज असे मैदान उभारावयाचे म्हटले तर सरकारदफ्तरी कितीतरी अधिक खेटे घालावे लागतील, आणि तसे लागावेत हेच रास्त होय. या मैदानावर माझे प्रेम आहे म्हणून हे लिहिण्यास मी कचरत नाही.

लगतच्या हॉटेलात उतरून आणि भारी शुल्क भरून सामान्य माणसालाही तेथे खेळता येते. दुसऱ्या भेटीत आम्ही पहाटे निघालो. ओकच्या फांद्यांवरून करड्या शेवाळासारख्या जटा लोंबत होत्या, सहाव्या होलापाशी एक ॲलिगेटर ओंडक्यासारखा निश्चल पडला होता, आणि कॅडीने हाताने खूण करून आम्हांस लांबून वळविले. सतराव्याच्या टीवर, म्हणजे पहिला टोला मारण्याच्या जागी, पोहोचलो तेव्हा ग्रीनला बांधून काढणाऱ्या फळ्यांच्या कडेवर एक काळा पाणपक्षी पंख पसरून वाळवीत होता. पहिला टोला मी मारला आणि चेंडू पाण्यात गेला. दुसरा चेंडू मी जास्त जोराने मारला, तो ग्रीनच्या मध्यावर आपटून मागच्या कडेकडे धावू लागला.

येथे एक गोष्ट सांगावयाची राहिली. पीट डाय यांनी आरंभी या ग्रीनची मागची बाजू पाण्याकडे उतरती करण्याचे योजिले होते. तसे केले तर वाऱ्याच्या दिवशी पहिलीच जोडी येथे अडकून पडेल आणि स्पर्धा पुढे सरकणार नाही, असे ॲलिसबाईंनी ठासून सांगितले, आणि उतार बदलण्यात आला. माझा चेंडू फळ्यांपासून दोन हातांवर येऊन मंदावला, आणि थांबला.