तुटलेल्या जनुकाचा माग

गुणसूत्रातील डीएनएचा धागा तुटणे ही पेशीच्या आयुष्यातील नेहमीची घटना असून ती मोड सांधणारी यंत्रणाही पेशीपाशीच असते. परंतु दोन ठिकाणी एकाच वेळी मोड झाली आणि टोके चुकीच्या जोडीने सांधली गेली, तर एका जनुकाचा आरंभीचा भाग दुसऱ्या जनुकाच्या शेषभागाला जोडला जाऊन एक संकरित जनुक निर्माण होऊ शकते. यालाच जनुक-संयोग किंवा प्रयोगशाळेतील रोजच्या भाषेत ‘जीन फ्यूजन’ म्हणतात. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, 22 क्रमांकाच्या गुणसूत्रावरील बीसीआर आणि 9 क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एबीएल1 ही जनुके अशी जोडली जातात आणि त्यांतून तयार होणारे प्रथिन पेशीला विभाजनाचा आदेश अखंड देत राहते.

या रोगातील आखूड गुणसूत्र 1960 मध्ये फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी नोंदवले, तर दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते आखूड होते, हे 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिले. मात्र गुणसूत्रे अशी सुटी दिसण्यासाठी पेशी विभाजनाच्या नेमक्या टप्प्यावर असावी लागते, आणि मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या गाठीतील पेशींकडून ती अपेक्षा करता येत नाही. ही अडचण फ्लुओरेसंट प्रोबने, म्हणजे प्रकाशमान रंगद्रव्य जोडलेल्या डीएनएच्या तुकड्याने, दूर केली.

डीएनएचे दोन पदर उष्णतेने विलग होतात आणि तापमान उतरले की प्रत्येक पदर आपल्या पूरक पदराला शोधून पुन्हा जुळतो, या गुणधर्मावर हे तंत्र उभे आहे. ज्या जनुकाचा शोध घ्यायचा, त्या परिसराची साधारणतः लाखभर किंवा त्याहून अधिक अक्षरे लांबीची प्रत तयार करून तिला रंगद्रव्य जोडतात. काचपट्टीवरील पेशींचा डीएनए उष्णतेने उकलतात आणि 37 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून प्रोबला आपली जागा शोधू देतात. जीनोममध्ये ठिकठिकाणी पुनरावृत्त होणाऱ्या अक्षरक्रमांवर प्रोब भलतीकडे चिकटू नये, म्हणून त्यांना रंगविरहित डीएनएने आधीच झाकून टाकतात. न चिकटलेला प्रोब धुतल्यावर सूक्ष्मदर्शकातून विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश टाकला, की रंगद्रव्य तो शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते आणि निळ्या केंद्रकात लाल-हिरवे ठिपके उमटतात. जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्डू यांनी 1969 मध्ये या पद्धतीचा पाया घातला, तेव्हा खूण किरणोत्सारी होती. रंगद्रव्ये नंतर आली आणि ‘फिश’ (फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन) हे नावही त्यांच्याबरोबरच आले.

या तंत्राचे खरे सौंदर्य रंगांत नसून प्रोबच्या रचनेत आहे. बीसीआरला हिरवा आणि एबीएल1ला लाल प्रोब लावला, तर निरोगी केंद्रकात दोन हिरवे आणि दोन लाल ठिपके वेगवेगळे दिसतात. संयोग झाला असेल, तर लाल-हिरवा एकत्र येऊन पिवळसर ठिपका होतो. परंतु केंद्रक गोलाकार आणि दृश्य सपाट असल्यामुळे वर-खाली असलेले दोन ठिपके केवळ योगायोगानेही एकमेकांवर येऊ शकतात. म्हणून आजचे प्रोब मोडीच्या दोन्ही बाजूंपर्यंत पसरतील असे आखतात, जेणेकरून अदलाबदल झालेल्या दोन्ही गुणसूत्रांवर एकेक पिवळा ठिपका उमटतो. एकाच केंद्रकात असे दोन योगायोग घडणे फार दुर्मीळ.

फुप्फुसाच्या कर्करोगात प्रश्न उलटा विचारावा लागतो. तेथे एएलके जनुकाचे जोडीदार अनेक असू शकतात आणि प्रत्येकासाठी वेगळा प्रोब वापरणे अव्यवहार्य असते. म्हणून एएलकेच्या दोन बाजूंना दोन रंग लावून, ते एकत्र आहेत की दुरावले आहेत, एवढेच पाहतात. जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने 2007 मध्ये वर्णन केलेल्या संयोगातील ईएमएल4 आणि एएलके ही दोन्ही जनुके 2 क्रमांकाच्याच गुणसूत्रावर, सुमारे 1.2 कोटी अक्षरांच्या अंतराने असल्यामुळे हा दुरावा लहान असतो, म्हणून दोन ठिपक्यांइतके तरी अंतर असल्याशिवाय तो धरत नाहीत. प्रचलित नियमानुसार 50 पेशी मोजतात; 25हून अधिक बाधित असल्यास निष्कर्ष होकारार्थी, 5हून कमी असल्यास नकारार्थी, आणि मधला आकडा आला तर दुसरा तज्ज्ञ आणखी 50 पेशी मोजतो व एकूण प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असेल तरच संयोग मानतात. क्रिझोटिनिब या औषधाला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली, ती याच चाचणीच्या जोडीने. म्हणजे या मोजणीवर रुग्णाचे औषध ठरते आणि मोजणाऱ्या डोळ्यांची जबाबदारी त्यामुळे फार मोठी आहे.

दुरावा दाखवणारा प्रोब नवा जोडीदार कोणता हे सांगत नाही आणि न विचारलेल्या संयोगाबद्दल तर काहीच सांगू शकत नाही. अनेक जनुकांचा आरएनए एकाच वेळी वाचणारी सीक्वेन्सिंग पद्धत या दोन्ही बाबतींत सरस आहे. तरीही जेथे वेळ थोडा आणि प्रश्न नेमका असतो, तेथे फिशचे महत्त्व टिकून आहे. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रुग्ण रक्तस्रावाने अल्पावधीत दगावू शकतो, म्हणून केवळ संशयावरूनही रेटिनॉइक आम्लाचे उपचार तत्काळ सुरू करतात, आणि 15 व 17 क्रमांकांच्या गुणसूत्रांवरील पीएमएल व आरएआरए यांचा संयोग पुढे प्रोबच्या साहाय्याने पक्का करतात.